रिकामा रकाना दिसता कामा नये

सोमवारच्या बैठकीत संगणकबाईंनी कामगारांची यादी भिंतीवर पाडली आणि मोठ्या साहेबांचा चहाचा कप ओठांपर्यंत जाऊन परत बशीत आला.

"हे काय?"

"आपली यादी, साहेब. दोनशे चौदा माणसं, प्रत्येकाची एक ओळ. नव्या डेटाबेसमध्ये सगळी आली."

"ते दिसतंय मला. ही मधेमधे भोकं कसली?"

भोकं म्हणजे रिकामे रकाने. साहेब त्या कागद कारखान्याचे व्यवस्थापक होते आणि रिकामी जागा त्यांना सोसत नसे. त्यांच्या टेबलावरचा ट्रे रिकामा झाला की त्यात 'सध्या काही नाही' अशी चिठ्ठी पडायची.

"त्याला नल म्हणतात, साहेब," बाई म्हणाल्या. बाई म्हणजे तिशीतली मुलगी. नोकरीला लागून सहा महिने झाले होते. "म्हणजे तिथे काय आहे ते माहीत नाही. किंवा ती गोष्ट अजून झालेलीच नाही."

"मग शून्य लिहा."

"शून्य हे उत्तर झालं. तुम्हाला किती भाऊ असं विचारलं आणि तुम्ही शून्य म्हणालात, तर मला कळलं. तुम्ही गप्प बसलात तर ते नल."

"मी गप्प बसत नाही."

हे बैठकीतल्या सगळ्यांना मान्य होतं.

"डीफॉल्ट ठेवा," साहेब म्हणाले. हा शब्द त्यांनी मेहुण्याकडून ऐकला होता. "कोणी काही भरलं नाही तर आपोआप काय पडावं, ते आधीच ठरवून ठेवायचं. असतं ना तसं?"

"असतं. पण एकेका रकान्याचा वेगळा विचार करावा लागेल."

"आकड्याच्या रकान्यात शून्य. अक्षरांच्या रकान्यात 'लागू नाही'. तारखेच्या रकान्यात आजची तारीख. झाला विचार. उद्यापर्यंत एकही रिकामा रकाना दिसता कामा नये."

त्या डेटाबेसमध्ये एक रकाना मुद्दाम रिकामा ठेवलेला होता. तो वजनकाट्यावरच्या माणसाचा. त्यांना सगळे काटेवाले म्हणत. दीड वर्षापूर्वी त्यांची बायको गेली. आस्थापना विभागातून तीन वेळा फॉर्म आला, आणि तीनही वेळा 'जोडीदाराच्या निधनाची तारीख' ही जागा कोरी ठेवून त्यांनी तो परत केला. कारखान्याचा नियम जुना होता. वसाहतीतली दोन खोल्यांची घरं जोडप्यांसाठी. जोडीदार गेला की पंधरा दिवसांत घर सोडायचं आणि एकेरी इमारतीत जायचं. तिथे एका खोलीत दोन खाटा, दोन माणसं, आणि स्वयंपाकघर नाही. काटेवाल्यांच्या स्वयंपाकघरात बावीस डबे होते आणि कशात काय आहे ते प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून बायकोने लिहून ठेवलं होतं. ते डबे खाटेखाली ठेवणं त्यांना जमणार नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं होती. तेवढी काढायची, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. वसाहतीत सगळ्यांना हे माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

मंगळवारी सकाळी बाईंनी डीफॉल्ट लावले. साहेबांनी यादी उघडली.

"भोकं तशीच आहेत."

"डीफॉल्ट पुढच्या नोंदींना लागतं, साहेब. आता नवीन माणूस आला तर त्याचे रकाने भरतील. जुने रिकामे आहेत ते रिकामेच राहणार."

"म्हणजे नवीन माणसांची घरं झाडायची आणि आपल्या घरात कचरा?"

"जुने भरायचे तर वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती एकदम सगळ्यांना लागते. मला भीती वाटते."

"कसली?"

"निवृत्तीच्या तारखेत आजची तारीख पडली तर सगळा कारखाना आज निवृत्त होईल."

"बरं. तो सोडा."

"राजीनाम्याची तारीख. आणि कामगाराच्या स्वतःच्या मृत्यूची."

"तेही सोडा. पण तिथे रेघ मारा. रिकामं नको."

बाईंनी ते तीन रकाने वगळले, दोनदा तपासले, निदान कोणी मरणार नाही असं मनाशी म्हटलं आणि बटण दाबलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. कुटुंबाची माहिती वेगळ्या तक्त्यात होती. तिथेही निधनाचा एक रकाना होता, तो त्यांच्या ध्यानात आला नाही.

त्या रकान्यात तारीख पडली की दोन गोष्टी आपोआप होत. कामगाराच्या आणि त्याच्या घरच्या फोनवर साहेबांच्या सहीचा शोकसंदेश जाई. आणि कामगाराला तिथल्या तिथे तीन दिवसांची रजा लागे.

कारखान्यात फोन नेता येत नसे. फाटकावर लाकडी खणांचं कपाट होतं, त्यात प्रत्येकाचा फोन राही. अकरा वाजून अकरा मिनिटांनी ते कपाट थरथरायला लागलं. फाटकवाल्याला आधी वाटलं, भूकंप. तो बाहेर पळाला. बाहेर काही हलत नव्हतं. तो परत आत आला आणि जवळचा एक फोन उचलून बघितला. बॉयलरवाल्याचा होता.

'आपल्या जोडीदाराच्या अकाली निधनाने आपल्यावर दुःखाचा डोंगर कोसळला आहे. त्यांच्या जाण्याने आमच्या मोठ्या परिवाराचा आधार हरपला आहे.' मधे बायकोचं नाव.

फाटकवाला धावत बॉयलरपाशी गेला. बॉयलरवाला खाली बसला. मग उठला, बॉयलर मंद केला, वहीत वेळ लिहिली आणि पळाला. फाटकापाशी पोचतो तो समोरून त्याची बायको पळत येत होती. तिलाही संदेश गेला होता.

"तू जिवंत आहेस?" बॉयलरवाल्याने विचारलं.

"कारखान्याने नाही म्हणून लिहिलंय."

"मग हे काय उभं आहे माझ्यासमोर?"

"तेच विचारायला आले. तुम्हाला कधी कळलं?"

"पाच मिनिटं झाली."

"इथवर यायला पाच मिनिटं?"

"बॉयलर मंद करावा लागतो."

"मी मेले आणि तुम्ही आधी बॉयलर मंद केलात."

"वहीत वेळही लिहावी लागते," बॉयलरवाला म्हणाला, आणि हे बोलायला नको होतं हे त्याला लगेच कळलं.

तोपर्यंत बाकीचे येत होते. मशीनवरचे, गोदामातले, कापणी विभागातले. जो तो फोन घेई, वाचे, पांढरा पडे आणि घरी फोन लावी. पलीकडून ज्यांच्या मरणाची बातमी तेच फोन उचलत, त्यामुळे बोलावं काय हे कोणाला सुचत नव्हतं. निश्चिंत होऊन परत कामावर जायला निघाले, तर फाटकाचं यंत्र त्यांना आत घेईना. कार्ड लावलं की लाल दिवा. 'आपण शोकरजेवर आहात.' पाऊण तासात कारखाना रिकामा झाला. मशीनपाशी उरली ती पाच माणसं. त्यांचे जोडीदार पूर्वीच गेलेले, रकान्यात खरी तारीख आधीपासूनच, म्हणून त्यांना काही झालं नाही. पाच विधवा-विधुरांनी मिळून कागदाचं अजस्र मशीन बंद केलं.

ज्यांचं लग्न झालं नव्हतं, त्यांची गत निराळी. जोडीदाराच्या नावाच्या जागी त्याच सकाळी 'लागू नाही' पडलं होतं. संदेशाने ते नाव समजून उचललं.

बाईंच्या आईचा फोन कार्यालयातल्या टेबलावरच्या फोनवर आला.

"लागू नाही कोण?"

"कोणी नाही, आई."

"ते गेले म्हणून कारखान्याने कळवलंय मला. लग्न केलंस, आईला सांगितलं नाहीस. आणि आता तो गेलासुद्धा?"

"आई, असा कोणी नव्हताच."

"दुःखात माणूस असंच म्हणतं. आडनाव तरी काय होतं?"

बाईंनी फोन ठेवला. तेवढ्यात साहेबांचा वाजला. घरून होता.

"वाचला मी संदेश," साहेबांची बायको म्हणाली. आवाज अगदी शांत होता. साहेब उभे राहिले. "खाली तुमची सही आहे. माझ्या जाण्याने आधार हरपला म्हणे."

"तो सगळ्यांना जातो. मजकूर एकच असतो."

"असं होय. मला वाटलं माझ्यासाठी लिहिलाय. सव्वीस वर्षांत कौतुकाचं एक वाक्य आलं, आणि तेही सार्वजनिक निघालं." तिने फोन ठेवला.

काटेवाले फाटकापाशी आपला फोन हातात धरून उभे होते. दोनशे नऊ संदेशांत एकच खरा होता, आणि त्याचीही तारीख चुकली होती. दुसरा संदेश घरच्या नंबरवर गेला. तो बायकोचा फोन. काटेवाले अजून रोज चार्ज करत. तो घरी कपड्यांच्या कपाटावर वाजला आणि थांबला.

दुपारी बाई साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "जिथे आजची तारीख पडलीय तिथे परत रिकामं करते. दोन मिनिटांचं काम आहे."

"थांबा. आणि एखादी आज खरंच गेली असेल तर?"

"आज?"

"दोनशे घरं आहेत. तुम्ही परत रिकामं केलंत तर मेलेल्या बाईला जिवंत केल्यासारखं होईल. नोंद आहे, खेळ नाही." चूक कोणाची याची चर्चा टाळायची असली की साहेबांना नियम सुचत. "शुक्रवारी पाचपर्यंत प्रत्येकाने जोडीदाराला आस्थापनेच्या खिडकीवर आणून दाखवायचं. समक्ष. लग्न झालं नसेल त्याने लेखी द्यायचं. जो दाखवणार नाही, त्याची तारीख कायम. पाच वाजता यादी आपोआप बंद. शनिवारी घर सोडण्याच्या नोटिसा. नियम सगळ्यांना सारखा. तोवर फाटकाचं यंत्र बंद ठेवा, आणि रजा शनिवारपासून मोजा."

बुधवारपासून खिडकीसमोर रांग लागली. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. बाई एकेकीला बघायच्या, नाव विचारायच्या आणि रकाना मोकळा करायच्या.

"नीट बघा," बॉयलरवाल्याची बायको म्हणाली. "हे सांगतील जिवंत आहे, पण यांच्या सांगण्यावर जाऊ नका."

ती आणि बॉयलरवाला काटेवाल्यांचे शेजारी. त्या संध्याकाळी दोघं त्यांच्या दारात आली.

"काका, मी उद्या परत जाते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "चष्मा लावते, केस वेगळे बांधते. त्या बाई नवीन आहेत. त्यांनी काकूंना कुठे बघितलंय?"

"आणि नाव विचारलं तर?"

"सांगेन की काकूंचं."

"तू मनाने चांगली आहेस," काटेवाले म्हणाले. "पण तिच्या जागी दुसरी बाई उभी करायची, तर मग ते घर कोणाचं? नको."

"घर जाईल हो," बॉयलरवाला म्हणाला.

"जाईल."

शुक्रवारी साडेचारला ते एकटेच खिडकीवर आले.

"काकू नाही आल्या?" बाईंनी विचारलं. "बऱ्या नसतील तर मी घरी येऊन बघते. चालेल तेवढं."

"घरी नाहीत त्या. दीड वर्ष झालं."

बाईंनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "काका, मी रिकामं ठेवते. मला कोणी काही विचारणार नाही."

"रिकामं म्हणजे माहीत नाही, असं तुम्हीच सांगितलंत म्हणे बैठकीत."

"हो."

"मला माहीत आहे," काटेवाले म्हणाले, आणि त्यांनी तारीख सांगितली. वारही सांगितला, तो कोणी विचारला नव्हता.

पाच वाजले. यादी बंद झाली. बाईंनी ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली आणि त्या पाणी प्यायल्या. पाच जुन्या तारखा सोडल्या तर दोनच रकाने भरलेले राहिले होते. एक काटेवाल्यांचा. दुसरा मोठ्या साहेबांचा.

साहेबांनी घरी तीन दिवस सांगून बघितलं होतं. आधी नियम सांगितला, मग विनंती केली, मग परत नियम सांगितला. बायको म्हणाली, "मी आहे की नाही हे तुम्हाला खिडकीवर जाऊन विचारावं लागत असेल, तर मेलेली बरी आहे."

शनिवारी सकाळी फाटकाचं यंत्र पुन्हा चालू झालं. साहेबांनी कार्ड लावलं. लाल दिवा.

"उघड," ते फाटकवाल्याला म्हणाले.

"उघडत नाही, साहेब. तुम्ही शोकरजेवर आहात."

"मी व्यवस्थापक आहे."

"ते यंत्राला माहीत आहे. बघा, लिहिलंय. व्यवस्थापक, शोकरजा, तीन दिवस." फाटकवाल्याने आवाज हळू केला आणि एक पाकीट पुढे केलं. "आणि हे आलंय तुमच्या नावाने."

आत नोटीस होती. पंधरा दिवसांत बंगला रिकामा करावा. एकेरी इमारत, खोली क्रमांक नऊ, खाट पहिली. खाली त्यांचीच सही.

बाजूला काटेवाले उभे होते. त्यांच्याही हातात पाकीट होतं. खोली क्रमांक नऊ, खाट दुसरी.

कारखान्यात जाता येत नव्हतं. साहेबांना इतक्यात घरी जायचं नव्हतं. फाटकापाशी उभं राहून सगळ्यांना दिसणंही बरं नव्हतं. दोघं खोली बघायला गेले. लोखंडी खाटा दोन, खिडकी एक, आणि दोन खाटांच्या मधे एका माणसाला आडवं होऊन जाता येईल एवढी जागा. साहेब पहिल्या खाटेवर बसले. खाट केवढ्याने तरी कुरकुरली.

"घोरता का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"ती म्हणायची घोरतो. माझं मला काय कळणार?"

साहेबांनी मान हलवली. "तुमचीही रुसली वाटतं. एवढं काय हो यांना खिडकीपर्यंत यायचं? उभं राहायचं, नाव सांगायचं, जायचं."

"माझी रुसली नाही, साहेब. गेली. दीड वर्ष झालं."

साहेब ताडकन उठले. खाट पुन्हा कुरकुरली.

"दीड वर्ष? पण मी तुम्हाला दर आठवड्याला काट्यावर विचारतो. घरी ठीक ना?"

"विचारता."

"आणि तुम्ही ठीक म्हणता."

"घर ठीकच आहे, साहेब."

साहेब बंगल्यावर आले तेव्हा बायको मटार सोलत होती. ते समोर बसले.

"वजनकाट्यावरचे आहेत ना, त्यांची बायको दीड वर्षापूर्वी गेली. मला आज कळलं. मला कोणी सांगितलंच नाही."

"मी सांगितलं होतं," बायको म्हणाली. "मी गेले होते तेव्हा त्यांच्याकडे. आल्यावर तुम्हाला सांगितलं. इथेच. तुम्ही जेवत होतात."

"मग मी काय म्हणालो?"

"हं म्हणालात."

"नुसतं हं?"

"मी काही बोलले की तुमच्याकडून हं पडतं. आपोआप. मी दूध नासलं म्हणाले तरी हं, आणि बाई गेली म्हणाले तरी हं. ऐकलंत की नाही, ते त्यावरून कळत नाही."

साहेबांच्या तोंडात नेमकं 'हं' आलं होतं. त्यांनी ते गिळलं. त्यांनी दोन शेंगा सोलल्या, आणि ते उठले.

त्यांनी बाईंना फाटकापाशी बोलावून घेतलं. आत जाता येत नव्हतं, म्हणून फाटकवाल्याच्या टेबलावर बसून त्यांनी हाताने हुकूम लिहिला. जोडीदार गेल्यामुळे कोणालाही घर सोडावं लागणार नाही. जुना नियम रद्द.

बाईंनी वाचला. "साहेब, एक बोलू? नोटिसा दोनच आहेत. लोक म्हणतील, स्वतःचा बंगला वाचवला."

"म्हणतील."

"यादी पुन्हा उघडता येते. वहिनींना सोमवारी खिडकीवर आणलंत तर तुमचा प्रश्न तसाही सुटतो."

"त्या येतील असं मला वाटत नाही," साहेब म्हणाले. "लावा शिक्का."

हुकूम घेऊन ते स्वतः वसाहतीत गेले. काटेवाल्यांचं दार उघडं होतं. ओट्यावर बावीस डबे ओळीने मांडलेले आणि खाली जमिनीवर दोन रिकामी खोकी. काटेवाले एक डबा हातात घेऊन उभे होते. बहुतेक बराच वेळ.

साहेबांनी कागद दिला. काटेवाल्यांनी तो वाचला, परत वाचला, आणि हातातला डबा होता तिथे ठेवला.

"बसा, साहेब."

साहेब बसले. दुःखाच्या डोंगराचा मजकूर त्यांना तोंडपाठ होता. त्यांनीच तो लिहिला होता. तो त्यांनी म्हटला नाही.

"कशा होत्या त्या?" त्यांनी विचारलं.

"भांडखोर," काटेवाले म्हणाले. "ही कपड्यांची दोरी बघा. तिच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर बांधलीय. माझ्या गळ्याला लागते. सतरा वर्षं भांडलो वर करायला. म्हणायची, तुम्ही वाका." ते स्टुलावर बसले आणि दोरी कोणत्या दिवशी बांधली तिथपासून सांगायला लागले.

साहेब ऐकत होते. मधे दोनदा त्यांचं तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी ते मिटून घेतलं.